रिकाम्या टँकमधली कात

आमच्या गावात प्रत्येक वडापिंपळावर कोणी ना कोणी मुक्कामाला आहे असं मानतात, आणि मी लहानपणापासून त्या सगळ्यांची टिंगल करत आलोय. यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. तरी लिहितोय, कारण हे घडलं माझ्याच हॉलमध्ये... मुलुंड ईस्ट, तिसरा मजला, टीव्हीच्या शेजारी, भर सकाळच्या उजेडात.

बाबा विक्रोळीच्या एका कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांनी एक छोटा फिशटँक आणला. त्यात मासे नाहीत, श्रिंप. गोड्या पाण्यातले, नखाएवढे, लालभडक झिंगे. आई मालवणची, ती कपाळावर हात मारायची. "तळूक येवचे नाय, कालवणाक पुराचे नाय, मगे पोसतास कित्याक?" बाबा नुसते हसायचे. मागच्या वर्षी बाबा गेले, आणि कोणी न सांगता आईने टँक स्वतःकडे घेतला.

तिथेच घात झाला. बाबा रोज सकाळी तांब्याच्या कळशीतलं पाणी प्यायचे, पोटाला बरं म्हणून. बाबा नाहीत, पण कळशी भरायची आईची सवय सुटली नव्हती. मग ते पाणी वाया कशाला घालवा, म्हणून ती टँकमध्ये ओतायला लागली. बिचारीला काय ठाऊक, तांबं माणसाला मानवतं, पण श्रिंपला ते विष! काही दिवसांत सगळे आडवे झाले.

"त्यांची तेवढीच जिती वस्तू व्हती, ती मियां मारलंय," एवढंच ती बोलत राहिली. जेवण सुटलं. मग एक दिवस म्हणाली, "झिला, माका गावाक पोचव. हय माझा आता काय काम?" गावचं घर कित्येक वर्षं बंद, हाकेच्या अंतरावर माणूस नाही, आईला बीपी आणि शुगर दोन्ही. तिथे ती जगायला निघाली नव्हती, हे मला आणि माझ्या बायकोला, सुजाताला, स्वच्छ दिसत होतं. आमची पार वाट लागली होती.

टँक मी रिकामा केला. रेती फेकली, काच गरम पाण्याने घासली आणि टँक महिनाभर गॅलरीत उन्हात पालथा घातला. विकूनच टाकणार होतो, पण आई म्हणाली, "आसांदे." म्हणून परत जागेवर ठेवला, नळाचं पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवलं, आणि ओकंबोकं दिसतं म्हणून सुजाताने किचनमधल्या बाटलीतली मनीप्लांटची फांदी त्यात खोचली. बस्स. बाहेरून दुसरं काही आणलं नाही — हे मी आजवर शंभर लोकांना सांगितलंय.

काही आठवड्यांनी तळाशी काहीतरी पांढुरकं दिसलं. मला वाटलं, जुना मेलेला श्रिंप कुठेतरी चिकटून राहिला असणार. आईला दिसायच्या आत उचलायला गेलो, तर ती मागेच उभी! तिने ते बोटांवर घेतलं, दाबून बघितलं.

"ह्या मेलेला न्हय. आत मांसच नाय."

"अगं, कुजलं असेल."

"जल्मभर सुंगटा सोललंय मी, माका शिकवतंस? सोलल्यावर अशी अख्खी साल कधी निघता? ही कात आसा. कोणतरी हेच्यातसून भायर पडलो."

सुंगटं म्हणजे आमची कोळंबी, आणि त्या विषयात आईशी कोण वाद घालणार? श्रिंप वाढताना मानेपाशी कवच फोडून असाच बाहेर येतो, हे मलाही माहीत होतं. पण कोण बाहेर आलं? मनीप्लांट उपसून मुळं झटकली. काही नाही. चारी बाजूंनी काच, लपायला जागाच नाही. आणि तरी थोड्या दिवसांनी दुसरी कात, मग तिसरी... प्रत्येक आधीपेक्षा मोठी. मी खरंच घाबरलो. आई मात्र रोज चहा घेऊन टँकसमोर बसायला लागली, चहाबरोबर चपातीही खायला लागली. "ह्या कोण ता बघूक नको? मगे जातंय गावाक."

एका सकाळी ती ओरडली. काचेवर एक लाल मादी चालत होती, एकटीच, पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस, पायांनी त्यांना वारा घालत. नर नव्हताच! श्रिंप पाळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर सगळे म्हणाले, नराशिवाय ती अंडी गळून जाणार, आशा ठेवू नका. आईने आशा कसली, डोहाळजेवण ठेवलं. पालक उकडून टँकमध्ये सोडला, आणि आम्हाला शिरा. घरात कोळंबी तेव्हापासून बंद आहे, बाकी मासे चालतात.

अंडी गळली नाहीत. जिऱ्यापेक्षा बारीक पिल्लं झाली, काचेसारखी आरपार, डोळे तेवढे काळे. आईने ती बघितली आणि पदर तोंडाला लावून रडली, हसत हसत. मीही रडलो, लपवत नाही.

झूऑलॉजी शिकवणाऱ्या एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, उन्हात महिनाभर वाळलेल्या टँकमधून काही जगणं शक्य नाही, तूच काहीतरी विसरतोयस. असेल. मला अजून काहीच उलगडलेलं नाही.

परवा भीत भीत आईला विचारलं, गावाला कधी जायचं? मलाच वेड लागलंय अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

"गणपतीक जाव दोन दिस. जास्त ऱ्हवलंय तर ह्या पोरांका कोण बघतलो? आणि जरा मोठी काचेची पेटी घेवन ये बघू, ह्यांका जागा पुराची नाय."