घरी विचारून सांगतो

मिल बंद पडली तरी ते गेटवर पहाऱ्याला उभे असायचेच, किल्ली त्यांच्याकडेच. दोन लढाया लढून आलेले म्हातारे फौजी. सगळे त्यांना हवालदारसाहेब म्हणायचे. मी रोज युनियनची पत्रकं घेऊन जायचो. सही मागा, मोर्चाला बोलवा, नुसता चहा विचारा, उत्तर एकच.

"जय भीम, भिया. घरी विचारून सांगतो."

मी भडकायचो. "काका, सीमेवर गोळी झाडतानाही घरी विचारायचात का?"

"तिथे चिठ्ठी उशिरा पोचायची ना," ते मिशीत हसायचे.

मग एका सकाळी मालकाचे ट्रक आले, मागे पोलीस. यंत्रं उचलून नेली की मिल कायमची संपली. आम्ही गेटसमोर आडवे पडलो. लाठ्या वर झाल्या. मॅनेजर ओरडला, "चाबी लाओ! गेट खोलो!"

हवालदारसाहेबांनी कडक सलाम ठोकला. "घर पे पूछ के बताता हूँ, साहब." आणि किल्ली खिशात घालून ते सायकलवर सावकाश निघून गेले. आधी एक शिपाई हसला, मग सगळेच. लाठ्या खाली आल्या.

दुपारी परतले, तेव्हा कॅरिअरवर काकू बसल्या होत्या. किल्ली त्यांच्या कमरेला.

"ये मना करती है, साहब."

त्या दिवशी ट्रक रिकामे गेले. पुढे मालकाने कुलूप तोडून यंत्रं नेलीच, हवालदारसाहेबांना कामावरून काढलं, आणि पेपरांनी या सगळ्याला नवं युग म्हटलं.

परवा हवालदारसाहेब वारले. मी गेलो, तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. किल्ली अजून कमरेलाच होती.