बहिणीचा विंचू

माझ्या धाकट्या बहिणीच्या हातावर विंचू आहे. मनगटापासून नांगी वर वळलेला, काळाभोर. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दोन मैत्रिणींसोबत धरमपेठेत जाऊन ती टॅटू काढून आली, तेव्हा बाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी शेजारचे काका आले, तर बाबाच तिचा हात धरून त्यांना विंचू दाखवत होते.

तेव्हापासून आमच्या घरात वाटणी झाली. ती बिनधास्त, मी समजूतदार. तिने चांगली नोकरी सोडून गावाबाहेर बेसा भागात केकचं दुकान टाकलं, तेव्हा सगळे म्हणाले, हातावर विंचू काढणारी पोरगी आहे, करेलच. मी एकाच ऑफिसात एकोणीस वर्षं काढली. त्यावर कोणी काही म्हटलं नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात रजा माझ्याच गेल्या. बाबा म्हणत, "तू आहेस म्हणून चिंता नाही." मला ते वाक्य पंख्याबद्दल किंवा फ्रीजबद्दल म्हटल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. एकदा बहीण आलेली असताना त्या मुलीने तिचा विंचवाचा हात पाहिला आणि विचारलं, "काका, ह्या कोण?"

"हे आमची वाघीण," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "अन् हे मोठी."

मी त्यांच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून उभी होते.

पुढच्या शनिवारी मी सरळ टॅटूच्या दुकानात गेले. वय त्रेचाळीस. कोणालाही सांगितलं नाही. कानात तीन बाळ्या घातलेल्या माणसाने विचारलं, "काय काढायचं, मॅडम?" मी काहीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "विंचू." ऐकूनच मला लाज वाटली. स्वतःचं म्हणून काही मागायला आले होते आणि तिचंच मागून बसले.

त्याने मनगटावर चित्राचा जांभळा छाप उठवला. मशीन सुरू झालं. सुई टेकली, बोटाच्या पेराएवढी रेघ निघाली, आणि मी म्हणाले, "थांबा."

"दुखून राहिलं का?"

"नाही. मले नाही पाहिजे."

बाकावर बसलेली दोन पोरं हसली. मी पूर्ण पैसे दिले आणि निघून आले. रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या. एवढंही जमलं नाही. त्या रेघेवर मी घड्याळ बांधायला लागले.

महिनाभराने आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघरात होतो. कणीक मळायला मी घड्याळ काढलं आणि तिने माझं मनगट पकडलं.

"हे काय वं, ताई?"

सांगावं लागलं. विंचवाचंही सांगितलं. ती हसेल म्हणून मी परातीतच बघत होते. पण ती हसली नाही.

"तू उठून आली? सगळ्यांसमोर?"

"मग काय करू?"

"मले नाही जमलं ना," ती म्हणाली. "सुई लागल्याबरोबर मले म्हणायचं होतं, बस करा. पण त्या दोघी मैत्रिणी पाहून राहिल्या होत्या. मी डोळे मिटून पडून राहिली. अन् विंचूही मले कुठं पाहिजे होता? चिठ्ठ्या टाकल्या होत्या आम्ही. माह्या वाट्याले विंचू आला."

वीस वर्षं मी त्या विंचवावर जळत होते, आणि तो चिठ्ठीत निघाला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. छातीत गार वाटावं असा आनंद. मी पोळी लाटत मनातल्या मनात तिचं ते चिठ्ठीचं वाक्य बाबांना सांगून पाहिलं.

जेवायला बसलो आणि तिने माझीच गोष्ट बाबांना सांगायला घेतली. तो बाळ्यांवाला, हसणारी पोरं, माझं "मले नाही पाहिजे", सगळं आवाज काढून. बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. माझं मनगट हातात घेऊन त्यांनी रेघ पाहिली, क्षणभर अंगठ्याने चोळली. मला वाटलं, आता काही म्हणतील.

ते तिच्याकडे वळले. "तू सांगते मात्र मस्त, पोरी."

चिठ्ठ्यांची गोष्ट माझ्या जिभेवर आली. ती माझ्याकडेच बघत होती, ताटातला हात थांबवून. तिला कळलं होतं.

मी बाबांना वरण वाढलं. भात हवा का विचारलं.

ते समजूतदारपणाने केलं की भीतीने, की एखादी गोष्ट फक्त माझ्याजवळ राहावी म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही. जाताना दारात तिने मला घट्ट मिठी मारली. बाबा आतून तिलाच हाक मारत होते, गाडी हळू चालव म्हणून.