दारात लावलेली सायकल

बत्तीस वर्षं संसार करून बायको गेली. तिला हे कधी कळलं नाही. मुलाला ठाऊक नाही. ऑफिसात तर माझं नाव निघालं की लोक म्हणत — सरळ माणूस, वहीत खाडाखोड नाही, कुणाची तक्रार नाही. असा मी. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि माझी खवखव फार जुनी आहे.

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो. नाव मोठं, काम पायपिटीचं. लोक सरळ ‘महारोगवाला’ म्हणत. ऐंशीच्या आसपास पालघरला नेमणूक झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा, साताऱ्याकडचा, समुद्र पहिल्यांदाच बघत होतो. बोईसरपासून तारापूरच्या किनाऱ्यापर्यंतच्या शाळा माझ्याकडे आल्या. शाळेत जायचं, पोरांचे हातपाय आणि चेहरे बघायचे, कुठे फिकट चट्टा दिसला की पोराला डोळे मिटायला सांगून पिसानं हळूच शिवायचं — कळलं का? कळलं तर बरं. नाही कळलं तर रजिस्टरात नाव.

त्या रजिस्टराबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांचं रजिस्टर वेगळं असे आणि त्याचे नियमही वेगळे. कुलपात ठेवायचं. मुलाचं नाव आईबापांखेरीज कुणाला सांगायचं नाही — हेडमास्तरांनाही नाही. आईबापांनी विचारलं तर मात्र जे लिहिलंय ते वाचून दाखवायचं. आणि रोग नाही असं ठरलं, तर तांबड्या शाईनं नाव कमी करायचं आणि आठवड्याच्या आत घरी जाऊन समक्ष कळवायचं. परिपत्रक मला तोंडपाठ होतं. ज्या कुणी लिहिलं होतं, त्याला पोरांची काळजी होती. हे मला तेव्हाही कळत होतं, बरं का. न कळून काही केलं असं म्हणायची सोय नाही.

एक नियम लिहिलेला नव्हता. आमच्या सायकलीच्या कॅरियरला पिवळी पेटी असे, वर काळ्या अक्षरांत खात्याचं नाव. वाचता न येणाराही ती पेटी लांबून ओळखायचा. म्हणून सायकल गावाबाहेर चहाच्या टपरीला लावायची आणि हात हलवत गावात शिरायचं. आधी चार भलत्याच घरी पाणी मागायचं, मासळीची चौकशी करायची, आणि मग पाचव्या, आपल्या घरी. जुन्या लोकांनी हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एक म्हातारे सहकारी होते, ते म्हणायचे, ‘‘गोळ्या विसरलास तरी चालेल बाळा, सायकल विसरू नको.’’

दांडी गावाच्या अलीकडे मच्छीमारांचं एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या शाळेत जयवंती होती — सातवीत, बारा वर्षांची, जिभेला हाड नसलेली पोरगी. बाप होडीवर, आई मासळी वाळवणारी. तपासणीच्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हेडमास्तरांच्या खोलीत चहा पीत होतो आणि बाहेर हशा उसळला. खिडकीतून पाहिलं तर ही कोंबडीचं पीस हातात घेऊन माझी नक्कल करत होती. पाय फेंगडे टाकत — माझे जरा आहेतच तसे — आणि माझा घाटावरचा हेल काढून, ‘‘कळ्ळं का रं? आन् आता? आता कळ्ळं का?’’ पोरं लोळत होती. हेडमास्तर हसले, ते सोडा. पण नव्यानंच आलेल्या एक बाई होत्या, ज्यांच्यासाठी मी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता — त्या तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो. काय करणार? नाकाला मिरच्या झोंबल्यात आणि दात काढत बसलोय!

दुपारी सातवीची पाळी आली. जयवंतीच्या डाव्या दंडावर चट्टा निघाला. रुपयाएवढा, फिकट. मी वहीत लिहिलं — ‘संशयित’. संशयिताला डॉक्टरांकडे पाठवायचं असतं, मी पाठवलं. इथपर्यंत सगळं नियमानंच झालं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. खरं काय ते पुढे येतंय. जरा दम धरा, मलाही धरू द्या.

चार दिवसांनी निरोप द्यायला गेलो. सकाळची वेळ, होड्या नुकत्याच लागलेल्या, सगळ्या बाया बाहेर बोंबील वाळत घालत होत्या. टपरी आली. मी थांबलो नाही. गावातून सायकल चालवत, घंटी वाजवत, सरळ जयवंतीच्या दारात नेली आणि स्टँडला लावली. पेटी रस्त्याकडे करून. ओट्यावर बसलो, मांडीवर रजिस्टर उघडलं आणि लिहू लागलो. काय लिहिलं असेल? मागच्या कोऱ्या पानावर सतराचा पाढा. सतरा दाहे एकशे सत्तर होईपर्यंत शांतपणे लिहिला. बोंबलांच्या काठ्यांपाशी बोलणं थांबलं होतं.

आई हात पुसत बाहेर आली आणि पेटीकडे बघतच राहिली. ‘‘सायबा,’’ ती अगदी हळू बोलली, ‘‘आमच्याकडं कोनाला काय नाय. ही सायकल उचल ना दारातली. लोकं बगतात.’’

‘‘जयवंतीला बुधवारी पालघरला आणा,’’ मी खणखणीत आवाजात म्हणालो. ‘‘डॉक्टरांना दाखवायला.’’

बघा, कुणाला नाव सांगितलं नाही. रोगाचा उच्चार केला नाही. आईशीच बोललो. चौकशी झाली असती तरी माझ्यावर बोट ठेवता आलं नसतं कुणाला. जयवंती दारात आली होती, एक वेणी घातलेली, एक सुटी. तिनं पेटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. नक्कल करणारं ते तोंड एकदम लहान मुलाचं झालं. आणि मला — आता खोटं बोलून काय मिळवायचंय? — मला बरं वाटलं. पोटभर जेवल्यासारखं बरं वाटलं.

बुधवारी आई तिला घेऊन आली. डॉक्टर वयस्कर, सावकाश काम करणारे. त्यांनी चट्टा पाहिला, पिसानं तपासलं, कानाच्या पाळीतून नमुना घेतला आणि आईला म्हणाले, रिपोर्ट आला की घरी कळवू. मग मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘संवेदना कमी असं कसं लिहिलंत तुम्ही? हिला तर सगळं कळतंय.’’

‘‘शाळेत घाबरली असेल, सर.’’

ती घाबरली नव्हती. शाळेत मी तिला सात वेळा पीस लावलं होतं. सातही वेळा, मी विचारायच्या आधी, डोळे मिटून ती म्हणाली होती — कळलं. तसले चट्टे किनाऱ्यावरच्या निम्म्या पोरांना असतात आणि दोन-चार महिन्यांत जातात. हे माहीत असताना मी ‘संवेदना कमी’ असं लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. काही नव्हतं. डॉक्टरांनी रजिस्टरात शेरा मारला — ‘रोग नाही. नाव कमी करावे. पालकांस समक्ष कळवावे.’ मी पट्टी ठेवून तांबडी रेघ ओढली. आणि गेलो नाही. पहिल्या आठवड्यात मनोरकडच्या शाळा तपासायला घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांची बदली झाली, आणि विचारणारंच कुणी उरलं नाही.

तोवर गावानं आपलं काम केलं होतं. टपरीवर चहा पिताना कानावर यायचं. हेडमास्तर घरी जाऊन सांगून आले, काही दिवस पोरगी घरीच असू द्या. मग शाळेतून नावच गेलं. बापाच्या होडीवर यायला माणसं मिळेनात. पोरीचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि झोपायला जाळी ठेवायची खोपी. हे सगळं ऐकून मी काय केलं असेल? ‘अरेरे’ म्हणालो आणि आणखी अर्धा कप मागवला.

मग एक दिवस आई आली. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. ऑफिसात मी एकटाच. आत या म्हटलं तरी आली नाही, पायरीवरच बसली.

‘‘सायबा, तुज्या वहीत माज्या पोरीचं काय लिवलंय तेवढं वाचून दाखव. मना वाचता येत नाय. हाय तर हाय बोल, नाय तर नाय बोल. मी तिला रोज सांगते, सायब येईल नि सांगेल.’’

रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. किल्ली खिशात. उठून दोन पावलं टाकायची, पान उघडायचं, ती रेघ दाखवायची. वाचता येत नसलं तरी तांबडी रेघ दिसली असती तिला. मी उठलो नाही.

‘‘बाई, लहान मुलांचं रजिस्टर आहे ते,’’ मी म्हणालो. ‘‘गोपनीय असतं. नियमानं कुणाला दाखवता येत नाही.’’

‘‘मी आय हाय तिची.’’

‘‘आईलाही नाही.’’

झालं. जो नियम त्या पोरीसाठी केला होता, तोच उलटा करून तिच्या आईच्या तोंडावर मारला. रेघ दाखवली असती तर ‘संवेदना कमी’ कुणी लिहिलं हे निघालं असतं, ही भीती होतीच. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. ती पायरीवर बसली होती आणि मी खुर्चीत. पोरीनं सगळ्या शाळेसमोर हसं केलं होतं ना माझं? आता आई हात जोडून बसली होती. मला ते हवं होतं.

ती उठली. मग म्हणाली, ‘‘नियम हाय तर नको दाखवू, बाबा. तुजी नोकरी नको जायाला.’’ पदराखालून कागदात बांधलेले सुके बोंबील काढले, पायरीवर ठेवले आणि एस्टी पकडायला गेली.

त्या संध्याकाळी मी ते भाजून खाल्ले. चांगले होते.

पुढे माझी बढती झाली. नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. रजिस्टर स्वच्छ ठेवतो म्हणून. प्रत्येक तुकडीला मी सांगे — नाव फक्त आईबापांना, विचारलं तर वाचून दाखवा, आणि सायकल गावाबाहेर लावा. एकदा एका मुलानं विचारलं, सायकलीनं काय होतंय सर? मी त्याला झापला. नियम म्हणजे नियम, म्हटलं.

एवढ्यावरच थांबलं असतं तरी मी बहुतेक हे सांगायला बसलो नसतो. तरुणपणी माणूस माती खातो, म्हणून सोडून दिलं असतं. पण नव्वदच्या पुढे, मे महिन्यात, मी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला गेलो. कोळणींची रांग होती आणि रांग संपल्यावर चार हात लांब एक बाई एकटी बसली होती. मे महिना, अंगाची लाही होतेय, आणि हिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत. चेहरा आईचा. माझ्या पुढे कारखान्यातला एक भय्या उभा होता. त्यानं हात पुढे केला, ‘‘हाथ में दे दो ना, बहन.’’ तिनं मान हलवली, पुडी समोरच्या गोणपाटावर ठेवली आणि हात मागे घेतला. ‘‘उदरसे उठाव.’’ तो हसून उचलून गेला. त्याला काय माहीत?

बोईसरच्या त्या गर्दीत तिला ओळखणारं कुणी नव्हतं. तिला तसं वागायला कुणी सांगितलं नव्हतं. बारा-तेरा वर्षं झाली होती, तो चट्टा कधीच विरून गेला असेल, आणि तरी ती स्वतःच लोकांना आपल्या हातापासून जपत होती.

मी पुढे झालो. पाव किलो बोंबील मागितले. तिनं वर पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. ओळखलं का? मला वाटतं, ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. पुडी बांधून तिनं गोणपाटावर ठेवली.

माझ्याकडे एक वाक्य होतं. तुला कधी काही झालंच नव्हतं, जयवंती. एवढंच. ना डॉक्टर लागत होता, ना कपाटाची किल्ली. जगात ते वाक्य फक्त माझ्याकडे होतं, आणि ती हातभर अंतरावर बसली होती.

‘‘पैसे खाली ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘मी उचलते.’’

मी नोट खाली ठेवली. मी हात मागे घेईपर्यंत ती थांबली, मगच तिनं नोट उचलली. मी पुडी घेतली आणि बाजूला झालो. माझ्या मागे गिऱ्हाईक उभं होतं.