नकाशातली झोळी: धडगावच्या वरच्या पाड्याचा तीन दिवसांचा प्रवास

या प्रवासाला मी नाही म्हणणार होते. गुडघा दुखतोय, हे कारणही तयार होतं. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं मी गावोगाव सर्व्हेचे फॉर्म भरले. रस्ता आहे का, नाही. दवाखाना, नाही. नळ, नाही. त्या 'नाही'चाच इतका कंटाळा आला होता की नाशकातल्या घरी बसून कुठलाही फॉर्म हातात धरायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

मग पुण्याच्या एका संस्थेत काम करणाऱ्या मेधाचा फोन आला. चार देशांतल्या डोंगरी गावांचं मिळून एक काम चाललंय, म्हणाली. गावात काय कमी आहे हे विचारायचं नाही. काय आहे, लोकांना काय येतं, तिथून सुरुवात करायची आणि एका देशाचं दुसऱ्याला सांगायचं. फिलिपिन्सहून लोर्ना नावाच्या बाई येणार होत्या, त्यांच्यासोबत दुभाषी हवी होती. मी हो म्हटलं. उत्साह वगैरे काही नव्हता. मेधाशी वाद घालायला जे त्राण लागतं ते त्या दिवशी नव्हतं, एवढंच.

जानेवारीत निघाले. नाशिकहून एसटीने धुळ्यामार्गे नंदुरबार म्हणजे अख्खा दिवस धरून चाला. वाटेत दोंडाईच्याला शेवभाजी खाल्ली तर पुढे पाण्याची बाटली जवळ ठेवा. लोर्ना सुरतेहून रेल्वेने आली. माझ्याच वयाची, बुटकी, पाठीवर एकच पिशवी. स्टेशनचा जिना उतरताना तिनेही कठडा धरला, तेव्हा मला जरा बरं वाटलं. शहाद्याच्या बसमध्ये प्रकाशा गावच्या पुलावरून तापी दिसली, तेव्हा तिने नदीचं नाव दोनदा विचारून वहीत लिहिलं. दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस. एवढं सगळं हिरवंगार असताना आपण नेमकं कुठे चाललोय, असं तिने विचारलं. मी समोरच्या डोंगरांकडे बोट दाखवलं. मुक्काम शहाद्यात केला. लॉज साधा होता, पण गरम पाणी मिळालं. एटीएमचं काम इथेच उरकून घ्या, वर भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडगावची जीप. तीही भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हरने लोर्नाकडे पाहून मला अहिराणीत विचारलं, "ताई, ह्या मॅडम आठे काय देखाले उन्यात?"

इथल्या लोकांकडे काय काय आहे ते, मी सांगितलं.

"मंग एक दिनमा व्हई जाई," तो म्हणाला आणि गाडीला किल्ली लावली.

घाटात अडीच तास गेले. वळणं इतकी की पोटात काही न ठेवलेलं बरं. धडगावला सुनीता भेटली. ती त्या पाड्याचीच, अंगणवाडीत काम करते, मराठी शाळेत शिकलेली. पाड्यावर सगळे पावरी बोलतात, त्यामुळे लोर्नाचं इंग्रजी मी मराठीत आणायचं, माझं मराठी सुनीताने पावरीत न्यायचं, आणि उत्तर त्याच वाटेने परत. पावरीत अहो-जाहो नसल्याने सुनीताच्या मराठीतही ते नाही. पहिल्याच वाक्यात ती मला "तू थकलीस का" म्हणाली. बऱ्याच दिवसांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

दुसरी एक जीप नाल्यापर्यंतच जाते. नाला तेव्हा कोरडा होता, मोठाले गोटे आणि मध्ये घोटाभर पाणी. तो ओलांडून तासभर चढ. पाडा विखुरलेला, एकेका टेकाडावर एकेक घर. सुनीताच्या आईने ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. त्या जेवणाबद्दल मी आणखी काही लिहिलं तर ते कमीच पडेल.

दुपारी पन्नासेक माणसं आंब्याखाली जमली. लोर्नाने जमिनीवर काठीने मोठं रिंगण काढलं आणि सांगितलं, हा तुमच्या गावाचा नकाशा, गावाकडे जे आहे, तुम्हाला जे येतं, त्याची एकेक खूण इथे आणून ठेवा. सुरुवातीला कुणी हललं नाही. एकाने उठून हातपंपाची मागणी सांगितली, दुसऱ्याने खांबांवर वीज नसल्याचं. मला ते सगळं पाठ होतं. मग एक बाई मूठभर आमचूर घेऊन आली. त्यानंतर मोहाची फुलं आली, बियाण्याची कणसं आली, बासरी आली. चौघांनी गवंड्याची थापी ठेवली. लाह्याची खूण म्हणून कुणी विळा ठेवला. लाहा म्हणजे एकाच्या शेताला किंवा घराला सगळ्या पाड्याने हात लावायचा, त्याची मजुरी नाही, जेवण तेवढं. आमच्याकडेही हुबेहूब असंच असतं, असं लोर्ना म्हणाली. सुनीताने ते पावरीत सांगितल्यावर म्हातारे लोर्नाकडे वळून नीट बघायला लागले.

मग दोन पुरुषांनी एक बांबू आणून आडवा ठेवला. हा झोळीचा, सुनीता म्हणाली. पावसात नाल्याला पाणी असतं, गाडी येत नाही. मग आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून नेतात. सोळा माणसं खांदा बदलत नेतात, कुणाला बोलवावं लागत नाही. लोर्ना खूश झाली, वहीत लिहू लागली. चार देशांच्या बैठकीत हे आधी सांगायला हवं, म्हणाली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून रुमलीबाई उठली. साठीची असेल. तिने सुनीताला काहीतरी विचारलं. सुनीता खाली बघत मला म्हणाली, "ती विचारते, हे तू लिहिलंस की साहेब म्हणेल, त्यांना नेता येतं. मग पूल कशाला देईल?" आणि आवाज उतरवून पुढे म्हणाली, की दोन पावसाळ्यांमागे हिच्या सुनेला याच बांबूवर नेलं. सून वाचली, बाळ नाही.

खरं सांगायचं तर असे प्रश्न मी अनेकदा गुळगुळीत केलेत. साहेब दुखावू नयेत, पाहुणे ओशाळू नयेत, बैठक वेळेत संपावी म्हणून. 'त्यांना जरा शंका आहे' एवढं वाक्य इंग्रजीत माझ्या तोंडाशी तयार होतं. रुमलीबाई माझ्याकडेच बघत होती. तिला इंग्रजी कळणार नव्हतं, तरी ते वाक्य म्हणायचा मला धीर झाला नाही. जसं होतं तसं सांगितलं, बाळाचंही.

लोर्नाने वही मिटली. मग ती बोलली, तुकड्या-तुकड्याने, मला मराठी करता यावं म्हणून. तिच्या गावातही त्यांनी असंच रिंगण काढलं होतं. शेजारी आजाऱ्याची काळजी घेतात, हे तिनेच मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. पुढच्या वर्षी तिथली नर्स दुसरीकडे हलवली. ते त्या कागदामुळेच, असं कुणी म्हणालं नाही. पण तिला तसंच वाटतं.

"मी हे कुठल्याच बैठकीत सांगितलेलं नाही," ती म्हणाली. ते सुनीतापर्यंत आणि तिथून आंब्याखाली पोचलं, तेव्हा कुणीतरी लोर्नाला पाण्याचा तांब्या दिला.

मग पाड्याचं आपापसात बोलणं सुरू झालं. सुनीताने भाषांतर करायचं सोडून दिलं आणि मीही विचारलं नाही. शेवटी रुमलीबाई रिंगणात आली, बांबू उचलला आणि रिंगणाच्या रेघेवर ठेवला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

सुनीताने तिचं वाक्य मला दिलं: "हे आम्हाला येतं. पण हे करायला लागू नये. दोन्ही लिही."

संध्याकाळपर्यंत पुलाचा अर्ज माझ्या हस्ताक्षरात तयार झाला. आयुष्यभर अर्ज लिहिले, पण यात काय हवं याच्यासोबत काय देऊ हेही होतं: चार गवंडी, लाह्याने गोटे आणि वाळू, पूल झाल्यावर त्याची देखभाल. शिवाय पावसाळ्यात कुणाकुणाला खांद्यावर न्यावं लागलं, त्यांची नावं. त्यात रुमलीबाईच्या सुनेचं नावही होतं, ते तिने स्वतः सांगितलं. खाली सह्या आणि अंगठे.

तिसऱ्या दिवशी लोर्ना, सुनीता, रुमलीबाई आणि मी, अशा आम्ही चौघी उतरून धडगावला गेलो. ज्या कार्यालयात अर्ज द्यायचा होता तिथले साहेब मीटिंगला गेले होते. बाकावर दोन तास काढले. आवक टेबलावरच्या माणसाने अर्ज पूर्ण वाचला, उलटून पुन्हा वाचला, शिक्का मारला आणि पोच दिली. तो वाईट वागला नाही, आशाही दाखवली नाही. रुमलीबाईने पोचेची घडी करून कमरेला खोचली. लोर्नाचा हात धरून ती काहीतरी बोलली. सुनीता शेजारीच होती, पण तिने ते मराठीत सांगितलं नाही, म्हणून मीही पुढे नेलं नाही.

जाणार असाल तर पावसाळ्यात जाऊ नका, निदान नाल्यापलीकडे नको. हिवाळ्यात जा, पांघरूण न्या, जीपच्या वेळेवर विसंबू नका, आणि पाड्यावर कुणाकडे जेवलात तर घाई करू नका.

घरी येऊन आता दोन महिने झाले. गुडघ्याने आठवडाभर सूड घेतला. मेधाने मी पाठवलेला अहवालाचा मसुदा वाचून फोन केला. झोळीचा भाग छान आहे, फक्त ते शेवटचं 'हे करायला लागू नये' जरा नकारात्मक वाटतं, काढू या का, असं तिचं म्हणणं होतं. काढायचं तर झोळीही काढ, मी म्हटलं. ती चिडली नाही, पण तेव्हापासून तिचा फोन नाही. लोर्नाने चार देशांच्या बैठकीत दोन्ही गोष्टी सांगितल्या, पाड्याची आणि तिच्या गावातल्या नर्सची. टाळ्या कमी पडल्या, असं तिने कळवलं.

छापील अहवाल परवा आला. ते वाक्य त्यात आहे, शेवटून दुसऱ्या पानावर. पुलाचं मात्र काहीच कळलं नव्हतं, म्हणून सुनीताला फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं. रुमलीबाई शेजारीच बसली होती. नाल्यावर अजून कुणी आलेलं नाही, सुनीता म्हणाली. मग मागून रुमलीबाईचा आवाज आला, लांबलचक, काहीसा रागीट.

"ती म्हणते, ते पुस्तक पाठव," सुनीताने सांगितलं. "दोन पाठव. एक साहेबाच्या टेबलावर ठेवायला, आणि दुसरं, तो म्हणाला पहिलं सापडत नाही, की पुन्हा द्यायला."

आज सकाळी पोस्टात गेले. तीन पाठवली.