मागची चाकं आणि नवरदेवाची भोवळ

माझ्या आतेभावानं पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली, तेव्हा आमच्या घराण्यात पहिल्यांदाच दोन सीटची गाडी आली. तोवर गाडी म्हणजे जेवढी माणसं दारात उभी असतील तेवढी आत, अशीच आमची समजूत होती. त्याची संत्र्याची बाग मोर्शीकडे, घर अमरावतीला. मी अकोल्यात बायकांना गाडी शिकवते.

एका सकाळी ती पिवळीजर्द गाडी माझ्या दारात येऊन थांबली. आतेभाऊ चालवत होता, शेजारी आत्या मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. उतरल्या उतरल्या तिनं सुरुवात केली.

"बाई, यानं मोडकी गाडी घेतली वं. मागचे चाकं हालतात तिचे."

"आई, हालत नाईत. वळतात."

"मंग मी काय म्हणून राहिली?"

मी गाडीच्या मागं उकिडवी बसले आणि त्याला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. पुढची चाकं डावीकडं गेली आणि मागची, अगदी थोडीशी, उजवीकडं. मी पोरीबाळींना पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवते ते हे, की वळतात पुढची चाकं, मागची नुसती मागं येतात. त्या वाक्याचं माझ्या डोळ्यांदेखत वाटोळं झालं.

आतेभावानं समजावलं. गाडी हळू असली की मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात, म्हणून ती थोड्या जागेत फिरते. वेग वाढला की तीच चाकं पुढच्यांच्या बाजूनं वळतात, म्हणून गाडी डुलत नाही.

"कोणत्या वेगाले बदलतात?" मी विचारलं.

"थे गाडीले माईत."

तो आला होता अडचणीत सापडून. अंजनगाव सुर्जीला आत्याच्या जावेच्या नातवाचं लग्न होतं आणि वरातीला ही गाडी द्यायचं यानं कबूल केलं होतं. पण घराच्या फाटकातून काढताना गाडीचा मागचा कोपरा खांबाला घासला होता. दोनदा. त्याच खांबाला.

आत्याला माझ्या शिकवायच्या गाडीत घेऊन मी त्याला शहराबाहेरच्या आमच्या सरावाच्या मैदानावर नेलं. तिथं आम्ही रंगाचे रिकामे डबे मांडून त्यातून गाडी काढायला लावतो. त्यानं पहिल्याच वळणावर मागच्या कोपऱ्यानं डबा उडवला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. साध्या गाडीचा मागचा भाग वळताना आत ओढला जातो, म्हणून आपण आतल्या बाजूला लक्ष ठेवतो. ही गाडी थांबलेली असताना वळायला लागली की मागचा कोपरा आधी थोडा बाहेर फेकते. खांबाशेजारून निघताना आधी सरळ पुढं जायचं, मग वळायचं, एवढीच गोष्ट होती. ती त्याला शिकवता शिकवता दुपार झाली आणि डब्यांना काही आकार उरला नाही.

मग मी स्वतः चालवून पाहिली. खरं सांगते, पहिल्या वळणाला मी ओरडले. हात नेहमीच्या सवयीनं फिरले आणि गाडी माझ्या अंदाजाच्या कितीतरी आधी वळून मोकळी झाली. असं वाटलं की मागं कोणीतरी बसलंय आणि त्याच्याही हातात एक स्टिअरिंग आहे. दुसऱ्या फेरीला मी हात कमी फिरवले. तिसऱ्या फेरीला हसायला लागले. आत्या डब्यांपाशी खुर्ची टाकून बसली होती. तिनं तिथूनच निकाल दिला.

"मी लग्नाले जाईन तं हिच्यासंग. हा चालवीन तं मी नाई येत."

"आई, गाडी मायी हाय!"

"मंग? तू यष्टीनं ये."

लग्नापर्यंत दोघं माझ्याकडंच राहिले. सीट दोनच होत्या. लग्नाच्या दिवशी गाडीचा मालक सकाळीच कडक इस्त्रीचा कुर्ता घालून बस स्टँडवर गेला आणि आम्ही दोघी गाडीत बसलो.

अकोल्यातून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक चौकात वळताना कोणीतरी ओरडायचं. एक मोटरसायकलवाला तर खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, थांबा, मागचं चाक निखळून राहिलं!" मी उत्तर द्यायच्या आत आत्या बाहेर वाकली.

"निखळत नाई! कंपनीनंच तसं केलं हाय!"

ती गाडी मोडकी म्हणणारी हीच बाई. अकोटपर्यंत तिचा अभ्यास आणखी वाढला. तिथं चहाच्या टपरीवरच्या माणसांनी आम्हाला थांबवलं, तेव्हा ती त्यांना शांतपणे म्हणाली, "हळू असली का उलटे, जोरात असली का सुलटे." त्यातल्या एकानं ते खरं करून दाखवायला सांगितलं. मी गाडी जागच्या जागी फिरवून दाखवली. सगळे खाली वाकून चाकं बघत होते. एकानं मला चहा पाजला.

अकोटच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला आणि तिथं मला त्या गाडीची दुसरी बाजू कळली. समोर कापसानं फुगलेला एक ट्रॅक्टर चालला होता. मी त्याला ओलांडायला घेतलं. साध्या गाडीत आधी नाक वळतं, मग मागचा भाग ओढला जातो आणि पोटात एक हेलकावा येतो. इथं तो आलाच नाही. पुढचं आणि मागचं एकदमच बाजूला सरकलं, जणू कोणी अख्खी गाडी उचलून शेजारी ठेवली. नेमकी तेव्हा आत्या बाटलीतून मठ्ठा पीत होती. लुगड्यावर थेंब पडला नाही. तिनं ओठ पुसले आणि विचारलं, "ट्रॅक्टर कुठी गेला?"

सगळं मात्र गोड नव्हतं. मधल्या वेगाला, लांब वळणावर, मागची चाकं आता कोणाच्या बाजूनं आहेत तेच मला समजेना. स्टिअरिंग हातात होतं पण त्याचा भरवसा वाटत नव्हता. मी वेग कमी केला आणि वळण गेल्यावर श्वास सोडला.

अंजनगावला पोचलो तर आतेभाऊ आधीच येऊन पोहे खात बसला होता. आम्हाला वाटेत थांबवणारे लोक यष्टीला थांबवत नाहीत.

वरात निघाली. पुढं बँड, मग माणसं, मागं मी आणि नवरदेव. बँडवाला बाहेरगावचा. त्यानं जोशात एक वळण चुकवलं आणि सगळ्यांना घेऊन एका बंद गल्लीत शिरला. समोर कापसाच्या जिनिंग कारखान्याची भिंत. माणसं वळली, बँड वळला, सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आता गाडी कशी निघणार म्हणून माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं घेतली, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि एका दमात गाडी उलट तोंडानं उभी केली.

शिट्ट्या वाजल्या. नवरदेवाचा मामा गाडीपुढं आडवा झाला.

"ताई, आणखी एक डाव!"

त्याच्या हौसेसाठी मी पुढच्या मोकळ्या मैदानात गाडी घातली. बँडनं चाल बदलली आणि मी गोल फिरायला लागले. इतका लहान गोल, की गाडी जणू आपल्याच सीटभोवती फिरत होती. मामा नाचत होता, मुंडावळ्या आडव्या उडत होत्या. नवरदेव काहीतरी बोलत होता पण ताशात मला ऐकू आलं नाही. तो "बस करा" म्हणत होता, हे नंतर कळलं. सकाळपासून उपाशी होता बिचारा.

मांडवाशी उतरला तो थेट पंख्याच्या खांबाला जाऊन भेटला. मग दोन पावलं नवरीकडं, तीन पावलं आचाऱ्याकडं. नवरीचे काका पुढं आले आणि त्यांनी नवरदेवाचं तोंड हुंगलं.

"पोरगं पिऊन आलं! हे लग्न होत नाई!"

नवरीची आई रडायला लागली. गाडी मीच फिरवली होती. मी काही बोलायच्या आत आत्या काकांसमोर उभी राहिली.

"पेला नाई तो. गाडीनं घुमला."

"गाडीत बसून कोणाले भोवळ येते काय? मले शिकवता?"

"काहून नाई येत? तुमी बसून पाहा."

भटजी मुहूर्त, मुहूर्त करत असताना नवरीच्या काकांना मी शेजारच्या सीटवर बसवलं. ते हाताची घडी घालून ताठ बसले होते. मी पूर्ण स्टिअरिंग फिरवलं. पहिल्या गोलाला घडी सुटली, पुढच्या गोलाला त्यांनी माझी ओढणी धरली, आणि मी गाडी थांबवली तेव्हा ते डोळे मिटून "माय वं, माय वं" करत होते. उतरून ते मांडवाकडं निघाले आणि शेजारच्या घरात गेले. तिथल्या बाईनं त्यांना परत आणून सोडलं.

"पोरगा चांगला हाय," खुर्चीच्या पाठीला धरून ते म्हणाले. "लावा लग्न."

लग्न लागलं. नवरदेव तोवर लिंबू चाटून सावरला होता, काका मात्र नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते सगळ्या अक्षता आचाऱ्यावर टाकत राहिले आणि त्यानंही एकदा हात जोडून आशीर्वाद घेतला.