चिठ्ठीबाई आणि अज्ञात कलाकार

माझी मावशी रेडिओ केंद्राच्या टेप लायब्ररीत एकतीस वर्षं होती. तिथं तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणायचे. टेपच्या प्रत्येक डब्यावर तिच्या हातची चिठ्ठी असायची: कोण गायलं, साथीला कोण, तारीख कुठली. बिनचिठ्ठीचा डबा घेऊन आलेल्याची खैर नसे. एकदा तर खुद्द प्रमुखांना तिनं दारातूनच परत पाठवलं होतं. "गायिकेचं नाव लिहिलंत. बासरी कोण वाजवतंय, भूत?"

रागीट ती जन्माचीच. आई म्हणते, ही पाळण्यातसुद्धा तक्रार केल्यासारखी रडायची.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी एका सकाळी व्हायोलिनवाल्यांची मुलगी तिच्या घरी आली. व्हायोलिनवाले केंद्राच्या वाद्यवृंदातले जुने वादक, आदल्याच वर्षी वारले होते. मुलीला वडिलांचं वाजवणं ऐकायचं होतं, म्हणून ती केंद्रात गेली. तिथं नव्या साहेबांनी कॉम्प्युटरवर नाव टाकून पाहिलं आणि सांगितलं, या नावाचा कलाकार आमच्याकडे नाही.

"चोवीस वर्षं होते ते तिथं," मुलगी म्हणाली.

मावशीनं चहाचा गॅस बंद केला आणि मला फोन केला. "स्कूटर काढ."

केंद्रात लायब्ररीच्या खोलीत मांडण्या नव्हत्याच. तिथं बैठकीचं लांबलचक टेबल आलं होतं. साहेब वागायला गोड माणूस. त्यांनी आम्हाला बसवलं आणि कौतुकानं स्क्रीन दाखवला. एका कंत्राटदाराकडून सगळ्या टेपांच्या फाइली करून घेतल्या होत्या, चार हजारांवर. त्यानं पाठवल्या त्या 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' अशा नावांनी. मग साहेबांनी गाणी लावायचं एक सॉफ्टवेअर आणलं. ते नावं शोधतं, चित्रं लावतं, सगळं आपोआप.

मावशी स्क्रीनजवळ सरकली. एका म्हाताऱ्या सुईणीनं गायलेल्या अंगाईवर मोटरसायकलवर बसलेल्या चार दाढीवाल्यांचं चित्र होतं. व्हायोलिनवाल्यांचं एकल वादन कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाच्या नावावर, वर बर्फाचा डोंगर. आणि उरलेल्या अडीच हजार फाइलींवर एकच नाव: अज्ञात कलाकार.

"सॉफ्टवेअर इंटरनेटवरून ओळखून आणतं, ताई," साहेब म्हणाले.

"ही माणसं इंटरनेटवर कधी गेली होती?"

साहेब हसले. मावशी हसली नाही. "माझे डबे कुठायत?"

"ते रद्दीत दिले. जागा लागत होती."

मावशीनं त्या लांबलचक टेबलावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "उद्यापासून दहाला येते. मला खुर्ची आणि हे यंत्र लागेल. नाही म्हणू नका."

साहेब नाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी तिथं थांबले नसते.

तिच्या घरी कपाटात अकरा वह्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीची नक्कल ती तारीखवार उतरवून ठेवायची. त्या वह्या घेऊन ती रोज जाऊ लागली. कॉम्प्युटर मी शिकवला, आठवड्यात ती माझ्याच चुका काढायला लागली. एका कलाकाराचा एक फोल्डर. त्यात कार्यक्रमाचा फोल्डर, नावापुढं वर्ष. फाइलीच्या नावात आधी क्रमांक, तोही ०१, ०२ असा. नुसता १ लिहिला तर यंत्र एकानंतर दहा लावतं. साथीदारांची नावं फाइलीच्या आतल्या माहितीत, एकही न गाळता. ती हेडफोन लावायची, दहा सेकंद ऐकायची, वही उघडायची, टाइप करायची. बोलायची ती कंत्राटदाराला शिव्या घालण्यापुरती.

तीन महिन्यांनी अकराशे फाइली झाल्या. आणि एका दुपारी साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला म्हणून 'सर्व माहिती ताजी करा' हे बटण दाबलं. सॉफ्टवेअरला फाइलींची नावंही आपल्या मर्जीनं बदलायची मुभा कुणीतरी देऊन ठेवली होती. मावशी जेवून परत आली तर अंगाईवर दाढीवाले पुन्हा हजर.

तिचा आवाज मी व्हरांड्यातून ऐकला. "तुम्हाला कुणी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर फिरून बघाल का? या बाईला अडुसष्टाव्या वर्षी दोन बस बदलून इथं आणलं होतं. माइकसमोर हात जोडून उभी राहिली होती ती. तिचं नाव एका बोटानं पुसलंत, तेही पाहुण्यांसमोर मिरवायला."

साहेब म्हणाले, चूक झाली. ती म्हणाली, "चूक माझीही झाली. हे यंत्र तुमच्या हाताशी ठेवलं." तिनं नेटची वायर उपटून पर्समध्ये टाकली. मी आठशे फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली होती म्हणून बरं; उरलेल्या तीनशे तिनं पुन्हा केल्या. नावं आपोआप आणायची सगळी सेटिंग्ज बंद करून मगच वायर परत जोडली.

वर्षभरानं काम संपत आलं तेव्हा दोनशे बारा फाइली उरल्या. ती सगळी दोन वर्षांची ध्वनिमुद्रणं होती. त्या काळात काका, म्हणजे मावशीचे यजमान, अंथरुणाला खिळले होते आणि मावशी रजेवर होती. बदलीवर आलेल्यानं चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण वहीत उतरवल्या नव्हत्या. डबे असते तर नावं सापडली असती.

त्या दोनशे बारांवर 'अज्ञात कलाकार' पुसून तिनं लिहिलं: 'नाव आम्ही घालवलं'.

साहेबांनी तिला बोलावलं. "ताई, हे बरं दिसत नाही."

"बरं दिसावं म्हणून लिहिलेलं नाही. अज्ञात काय? त्यांच्या आईबापांनी नाव ठेवलं नव्हतं? इथं येऊन सही करून गेलीत ती माणसं."

"निदान 'आम्ही' तरी नको. केंद्रावर येतं."

"माझ्यावरही येतं. रजेवर जाताना वही कुणाच्या हातात दिली नाही मी. राहू दे."

राहिलं.

व्हायोलिनवाल्यांच्या नावावर एकसष्ट फाइली सापडल्या. त्यांची मुलगी आली आणि पहिली फाइल ऐकू लागली. सुरुवातीला ते जरा खोकतात, मग गज फिरतो. "दमा होता त्यांना," ती म्हणाली आणि तो खोकला तिनं पुन्हा पुन्हा ऐकला. मावशी शेजारी बसून होती. तिनं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

आता ती फक्त बुधवारी जाते. जुनी माणसं बोलावते, हेडफोन देते, आवाज ओळखा म्हणते. दोनशे बारांतली नऊ नावं लागली आहेत. परवा एका निवृत्त पोस्टमनला आपल्या आत्याचा आवाज ओळखू आला, त्याचे डोळे भरले. मावशीनं नाव टाइप केलं, स्पेलिंग दोनदा विचारलं, आणि आत्याचं जन्मवर्ष माहीत नाही म्हणून त्याला चांगलं फैलावर घेतलं.