पाठीला पाठ

गुरम्माला स्वतःची स्वप्नं पडत नव्हती. लहान वयातच वळसंगला मठामागच्या विहिरीत वाकून तिनं आपलं शेवटचं स्वप्न पाण्याला सांगून टाकलं, आणि तेव्हापासून तिची झोप म्हणजे नुसता काळोख झाली. कनसकारांत यायचं तर एवढं सोडावंच लागे. कानडीत कनसु म्हणजे स्वप्न. दुसऱ्याच्या स्वप्नात शिरणारे ते कनसकार.

हे ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढं जटा आणि भस्माचे पट्टे येतील. गुरम्माकडं यातलं काही नव्हतं. सोलापुरात गिरणीच्या चाळीत एका खोलीत ती राहायची, शेंगाची चटणी कुटायची, आणि मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी असं भांडायची की चाळीतली माणसं हातातलं काम सोडून गॅलरीत यायची. मात्र कुणाला रोज तेच वाईट स्वप्न पडून झोप उडाली, की त्याची बायको किंवा आई निमूटपणे गुरम्माला बोलवायला यायची. गिरणीतली तिसऱ्या पाळीची माणसं दिवसा झोपत, त्यामुळं हिचं काम बहुतेक दुपारचंच असे. एकाच तांब्यातलं पाणी दोघांनी प्यायचं, डोक्याला डोकं लावून आडवं व्हायचं, एवढाच विधी. मोबदला म्हणून एक वेळचं जेवण, तेही आग्रह झाला तर.

आत जाऊन ती काय करायची? काहीच नाही. कनसकारांना कुणाचं स्वप्न बदलता येत नसे. घाबरलेल्या माणसाच्या मागं जायचं, पदर तोंडावर ओढायचा आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचं. समोरचं भय तसंच राही, पण पाठीशी कुणीतरी आहे म्हटल्यावर माणूस तग धरी. पेठेतले संगप्पा आडते सांगत, की आपल्याच दुकानाचा काटा स्वप्नात रोज आपल्यामागं लागायचा, आणि गुरम्मा येऊन बसली त्या दिवशी तो पहिल्यांदा थांबला. हे त्यांनीच पेठभर केलं. गुरम्मा मेली असती तरी कुणाच्या स्वप्नातलं बोलली नसती.

नियम दोन होते. पहिला, तोंड दाखवायचं नाही आणि मागून कुणी कितीही हाका मारल्या तरी वळायचं नाही. झोपलेल्यानं एकदा तोंड पाहिलं, की पुढं रस्त्यात भेट झाली तरी त्याला ते भय आठवणार. मठातली जाणती सावित्रम्मा हे शिकवायची ते भिंतीकडं तोंड करून बसवून. मागून गुरम्माच्या आईच्या आवाजात हाक मारायची. पोर वळली, की हातावर सपकन छडी. गुरम्मा बरेच दिवस वळली, मग एकदाची वळायची थांबली. सावित्रम्मानं त्या दिवशी तिला गूळ दिला.

दुसरा नियम, आपल्या घरच्या माणसाच्या स्वप्नात जायचं नाही. का, ते सावित्रम्मानं सांगितलं नाही, आणि लग्न होऊन पोर होईपर्यंत गुरम्मालाही विचारावंसं वाटलं नाही.

पोर उशिरा झाली. सिद्धेश्वराला नवस बोलून झाली म्हणून नाव सिद्धम्मा. एवढीशी पोर आणि आजीला शोभेल असं नाव, म्हणून बाप, शिवप्पा, तिला ‘आजीबाई’च म्हणायचा. एका संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तिघं फोटो काढायला उभी राहिली. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून बसला, आणि त्याला डोकंच राहिलं नाही असं वाटून आजीबाईनं जे भोकाड पसरलं, ते रेवड्या घेतल्यावरच थांबलं. पुढच्या वर्षी काढू, असं ठरलं. नाकही पुढच्याच वर्षी टोचायचं होतं. पण बहात्तरच्या दुष्काळात, विहिरींनी तळ गाठलेला असताना, पोरीला हगवण लागली आणि दोन दिवसांत ती गेली.

जगात पोरं जातात आणि आया जगतात. पण मेलेलं माणूस इतरांच्या स्वप्नात तरी येतं. गुरम्माकडं ती वाटच नव्हती. फोटो नाही, स्वप्न नाही. एक दोन वर्षांतच तिच्या ध्यानात आलं, की पोरीचा फ्रॉक आठवतो, वेण्या आठवतात, पायातला काळा दोरा आठवतो, पण चेहऱ्याच्या जागी काहीच उभं राहत नाही. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. आईला पोरीचं तोंड आठवत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि शिवप्पाच्या स्वप्नात ती रोज येत होती. पाळी करून तो सकाळी झोपायचा आणि झोपेत हसायचा. उठला की म्हणायचा, “आज बी आली हुती. गुडघ्यावर बसून चटणी मागत हुती.” मग गुरम्माचं तोंड बघून चूळ भरायला उठायचा. त्याच्या उशाशी बसून ती कित्येकदा पाण्याचा तांब्या हातात घ्यायची आणि तसाच खाली ठेवायची. नियमाचं कारण तिला आता पुरतं कळलं होतं. एकदा आत गेली असती, तर परत बाहेर आली नसती. नवऱ्याचा राग यायचा, मग रागाची लाज वाटायची.

गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं शिवप्पाची छाती खाल्ली. सत्तरचं दशक सरता सरता तो अंथरुणाला खिळला. सावित्रम्मा तोवर वारली होती, मठाला कुलूप होतं, जाब विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तरी गुरम्मा नियम धरून होती. शेवटी शिवप्पानंच एका दुपारी तांब्याकडं बोट केलं.

“आता काय बी ऱ्हायलं न्हाय माझं. ये की आत. ती तितंच हाय. मी गेल्यावर कुटं बघशील तिला?”

“न्हाय जमायचं ओ,” गुरम्मा म्हणाली. “आमाला घरच्यात जायची बंदी हाय.”

“पोरीला भेटायला कसली बंदी?”

तो दोन घोट प्याला. उरलेलं पाणी गुरम्मानं पिऊन टाकलं आणि त्याच्या डोक्याला डोकं लावून आडवी झाली.

आत चाळीचंच अंगण होतं, ऊन होतं. शिवप्पा पायरीवर बसला होता, छाती भरून श्वास घेत. आणि पलीकडं पाठमोरी, दोन वेण्यांची, निळ्या फ्रॉकातली सिद्धम्मा मातीत रेघा ओढत होती. गुरम्माच्या काळजात लख्ख झालं. आता ती वळेल. आता दिसेल. ती वळायला लागली.

आणि गुरम्माच्या अंगानं तिला न विचारता सगळं केलं. हात डोक्याकडं गेला, पदर तोंडावर आला, ती नवऱ्याच्या मागं गेली आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. जन्मभर बसत आली होती तशी.

मागून पावलं आली. कुणीतरी पदराचं टोक ओढलं.

“अव्वा. अव्वा, हिकडं बघ की.”

गुरम्मा वळली नाही. मागून हाक आली की मान ताठ करायची, हे तिच्या हाडांत भिनलं होतं. हातावर छडीचा चटका आठवला. पुन्हा हाक आली, रुसलेली. आपण कुठं आहोत आणि मागं कोण आहे, हे तिला उमगलं, तिनं पदर फेकला, आणि तेवढ्यात शिवप्पाला खोकल्याची उबळ आली. अंगण गेलं. वर चाळीचे काळे पत्रे होते.

खोकला शमल्यावर शिवप्पानं तिच्याकडं पाहिलं. डोळे आनंदानं भरले होते.

“बघितलीस?”

गुरम्माला हंबरडा फोडावासा वाटला. पण जाणाऱ्या माणसाच्या हातात हे द्यायचं?

“व्हय, बघितली की. सगळी तुमच्यावर गेलीया.”

शिवप्पा हसला. “ह्या! नाक तुझं हाय, येडे. पार तुझंच. बाकी माझं.”

त्यानंतर त्याला झोप लागलीच नाही. दम वाढत गेला. ती वारा घालत बसली, एकदा डोळा लागू दे म्हणून सिद्धेश्वराला विनवत राहिली, आणि उजाडता उजाडता तो जागेपणीच गेला.

जंगमानं मंत्र म्हटले, लिंगायतांच्या रीतीनं शिवप्पाला बसवून मातीत ठेवलं, माणसं घरी आली. चाळीतल्या बायका गुरम्माभोवती जमल्या. शेजारची सुंदरम्मा म्हणाली, “रडू नगंस. सपनात येत्याल की ते.” गुरम्मानं मान हलवली. बांगड्या निघाल्या, कुंकू पुसलं. सगळ्यात शेवटी सुंदरम्मानं नाकातली मोरणी काढली. लग्नापासूनची होती, निघता निघेना.

मोरणी निघाल्यावर गुरम्मानं उघड्या नाकावर बोट ठेवलं, ठेवूनच राहिली, आणि मग म्हणाली, “आरसा द्या की कुणीतरी.”

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. “धन्याला पुरून आत्ता आलो, आन् हिला आरसा पायजे,” एक जण पुटपुटली. तरी सुंदरम्मानं खुंटीवरचा आरसा काढून दिला.

गुरम्मानं पदर गालांवरून ओढून ओठ झाकले, कपाळ झाकलं, आणि त्या सगळ्यांसमोर, त्यांच्याकडं पाठ करून, आरशात बघत बसली.